गडाचं निमित्त

गडाचं नाव मी लिहिणार नाही. माझे मामेभाऊ अजून त्या खाडीपलीकडे राहतात. त्यांची मुलं हे वाचतील आणि मग फोनवर फोन येतील, की आत्ये, हे असं नव्हतं, तसं होतं. नाव नाही घातलं तरी आमच्या बाजूच्या माणसाला ते कळायचं राहणार नाही. खाडीच्या वळणावर टेकडी, टेकडीवर जांभ्या चिऱ्याचा तट, खाली बाजारपेठ आणि पेठेच्या टोकाला होडीचा धक्का. आता तिथे पूल झाला आहे. गेल्या मे महिन्यात मुलगा, सून आणि नातवंडं मला गाडीत घालून घेऊन गेली. पूल ओलांडायला एक मिनिट लागलं नाही. नातवाने मध्येच गाडी थांबवायला लावून फोटो काढले आणि म्हणाला, आजी, हस ना जरा. मला हसू येईना. एवढ्याशा पाण्यापायी आमच्या घराने सहा वर्षं घालवली होती, आणि एक अख्खा दिवस असा घालवला होता की त्याचा संताप अजून माझ्या पोटातून उतरलेला नाही. सून म्हणाली, आईंना गाडी लागलेली दिसते. म्हटलं, हो.

आमचं घर कट्ट्यापासून, म्हणजे बस थांबते त्या तिठ्यापासून, आत, पायी पाऊण तासावर. घरात माणसं दोनच, आई आणि मी. बाबा मुंबईला एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि मे महिन्यात तीन आठवड्यांच्या रजेवर यायचे. एरवी घरात आवाज असत ते आईच्या कामाचे. पाट्यावर वाटण फिरल्याचा, विळीवर नारळ खवल्याचा, गोठ्यात म्हशीशी चाललेल्या तिच्या भांडणाचा. बाबा आले की हे सगळे आवाज मागे पडत आणि घरभर त्यांचाच आवाज भरून राही. ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे, अगदी शिळंसुद्धा. त्यातल्या छपाईच्या चुका शोधायचे, आणि चूक सापडली की इतके खूश व्हायचे की मूळ बातमी काय होती ते विचारायची सोय नसे. माणूस वाईट नव्हता. हे मुद्दाम आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणी तसं म्हणेल. माझ्यासाठी ते दरवर्षी रिबिनी आणत. आईच्या हातची काजूगरांची उसळ खाताना त्यांचे डोळे आपोआप मिटत. मला सायकल शिकवण्यासाठी कट्ट्यावरून भाड्याने सायकल आणून ते माझ्यामागे उन्हातून धावले आहेत. फक्त मानाची गोष्ट निघाली की त्यांचं डोकं चालेनासं व्हायचं.

ती मानाची गोष्ट मामाच्या लग्नातली. आमच्याकडे लग्नात जावयांना मानाचा नारळ देतात, आधी थोरल्याला, मग धाकट्याला. मामाने गडबडीत म्हणा, मुद्दाम म्हणा, तो नारळ आधी माझ्या मावशीच्या यजमानांच्या हातात ठेवला. ते धाकटे जावई, पण सरकारी नोकरीतले. बाबा पानावरून उठले, चपला घातल्या, आईला आणि मला पुढे घातलं आणि सरळ होडीत जाऊन बसले. मी तेव्हा सात वर्षांची होते. माझ्या पानात नुकतीच जिलबी पडली होती, ती तशीच राहिली. होडीतच बाबांनी सांगून टाकलं की मेहुणा स्वतः बोलवायला आल्याशिवाय या पाण्यापलीकडे आता आपल्या घरातलं पाऊल पडणार नाही. आपल्या घरातलं म्हणजे आईचंही. मामाही काही कमी नव्हता. त्याचा निरोप आला की पानावरून उठून गेले त्यांनी आधी यावं, नारळ काय, तयारच आहे. झालं. एक अल्याड आणि एक पल्याड नाक वर करून बसले, आणि माझी आई सहा वर्षं माहेराला मुकली. बसने दीड तासाच्या वाटेवर तिची आई होती, आणि ती तिला सहा वर्षं दिसली नाही.

आई यावर काही बोलत नसे. तिचं न बोलणं मला तेव्हा समजूतदारपणा वाटायचं. आता त्याचाच राग येतो. त्या वर्षी बाबा यायच्या आधी गावात कासारीण आली. ती खाडीच्या दोन्ही काठांवरच्या वाड्या हिंडायची. आईच्या हातात बांगड्या चढवता चढवता ती सहज माझ्या आजीबद्दल म्हणाली, तुझ्या आवशीचे डोळे पार गेले गो, पान चाचपून जेवते. आईने हात मागे घेतला नाही की काही विचारलं नाही. दुसऱ्या हातातही बांगड्या भरून घेतल्या, कासारणीला चहा दिला, आणि त्या संध्याकाळी आमच्या घरात पहिल्यांदा भात करपला.

बाबा येऊन चार दिवस झाल्यावर जेवताना आईने विषय काढला. शाळेत मुलीला गड शिकवलेत, एकदा नेऊन दाखवूया. शाळेत त्या वर्षी आम्हाला गड वगैरे काही नव्हतं, ज्वारी आणि कापूस होता. पण मी मान खाली घालून भात कालवत राहिले. बाबा लगेच हो म्हणाले. एरवी त्यांना सुट्टीत ओसरीवरून हलवायचं म्हणजे कोण खनपटीला बसावं लागे. ते इतक्या चटकन हो म्हणाले तिथेच मला शंका यायला हवी होती.

दिवस आईने ठरवला. ती खाडीकाठची, तिला पाण्याचं कॅलेंडर बघावं लागत नसे. तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते, चतुर्दशीला साडेदहा. खाडीत एवढं आत पाणी चढायला आणखी पाऊण तास धर. म्हणजे सव्वाअकराला खाडी तुडुंब, अडीचपर्यंत होडी चालणार, पुढे नुसता चिखल. चुलीपुढे बसून तिने मला हे बोटांवर मोजून दाखवलं आणि मग बेत सांगितला. बाबा आल्यावर कासारीण पुन्हा एकदा गावातून गेली होती, तिच्याकडून तिने निरोप धाडला होता की चतुर्दशीला आजीला पलीकडच्या धक्क्यावर आणून बसवा. सकाळी लवकर गड बघून घ्यायचा. बाराला वर जेवण झालं की बाबा झाडाखाली आडवे होणार, ते काही चुकायचं नाही. तेवढ्यात आपण दोघींनी खाली उतरून होडीने पलीकडे जायचं, आजीजवळ घटकाभर बसायचं आणि परतीच्या होडीने यायचं. मी तेरा वर्षांची होते. इतकी महत्त्वाची गोष्ट तोवर मला कुणी सांगितली नव्हती. तीन रात्री मला धड झोप लागली नाही.

चतुर्दशीला आई पहाटे उठली. तांदळाच्या भाकऱ्या, काजूगरांची घट्ट उसळ, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, आणि केळीच्या पानात बांधलेली फणसाची सांदणं. सहाला आम्ही दोघी तयार होतो. सातची बस गाठायची तर लगेच निघायला हवं होतं. बाबा म्हणाले, देवाला सांगून जाऊया. आमच्या गावात देवाला सांगणं म्हणजे हात जोडून चालू लागणं नव्हे. देवळात उभं राहून गाऱ्हाणं घालायचं असतं, आणि प्रत्येक वाक्याला मागच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं असतं. ते काम गावकराचं, म्हणजे गावच्या मानकऱ्याचं, पण गावकर बाजाराला गेला होता, म्हणून बाबांनीच घातलं. ही तुझी लेकरं आज गडावर चालली आहेत, त्यांना वाटेत साप-किरडू आडवं येऊ देऊ नको, बसचं चाक निखळू देऊ नको, कुणाच्या मनात वाकडं असेल तर ते सरळ कर, मानाचा मान राख. मागे आम्ही दोघीच. मी दात आवळून व्हय म्हाराजा म्हणत होते आणि आई देवळाच्या दारातून उन्हाकडे बघत होती. कट्ट्याला पोचलो तेव्हा सातची बस गेल्याची धूळसुद्धा खाली बसली होती.

पुढची बस साडेनऊला. आता तरी माणसाने एका जागी बसावं. पण बाबा सलूनमध्ये गेले. घरी दाढी झालेली असताना पुन्हा दाढी केली, केस कापून घेतले, मग शेजारच्या दुकानात अंगातला सदरा काढून इस्त्री करून घेतला आणि तोवर बनियनवर बाकावर बसून तिथलं वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. गड बघायला इस्त्री कशाला लागते, असं मी आईला विचारलं. तिने मला गप्प केलं. साडेनऊची बस दहाला आली आणि वाटेत दोनदा थांबली. एकदा कुणाची तरी बकरी चढवायची होती म्हणून, आणि एकदा कशासाठी ते ड्रायव्हरलाच ठाऊक. सगळा वेळ बाबांच्या मांडीवर मुंबईच्या मिठाईचा एक मोठा पत्र्याचा डबा होता. तो आपल्यासाठी आहे, गडावर उघडणार आहेत, असं मी धरून चालले होते.

गड मला त्या दिवशी काय दिसला असेल ते देव जाणे. नातवंडांबरोबर गेले तेव्हा कळलं की दरवाजा चांगला उंच आहे, आत कातळात खोदलेली खोल विहीर आहे आणि तटावर चाफ्याची झाडं वाढली आहेत. त्या दिवशी मला फक्त उशीर दिसत होता. बाबा पायरीपायरीवर थांबत होते. शत्रू इथून आला असता तर वरून गरम तेल कसं ओतलं असतं ते सांगत होते, विहिरीत खडा टाकून पाण्याचा आवाज यायला किती आकडे मोजावे लागतात ते मला दोनदा मोजायला लावत होते. त्यांना त्यात खरंच रस होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. खाडीकडच्या बुरुजावर पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. खाली पाणी अजून काठोकाठ होतं. आणि पलीकडच्या धक्क्यावर, उंडीच्या झाडाच्या सावलीत, दगडावर फिकट लुगड्यातली एक म्हातारी बसली होती. शेजारी छत्री आणि कापडी पिशवी घेऊन मामा उभा होता.

आई तटाला टेकून उभी राहिली. हातातली जेवणाची पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. बाबा मागून आले, त्यांनीही बघितलं. इथे तोफ असणार, असं काहीसं म्हणाले आणि गेले नाहीत, तिथेच उभे राहिले. जेवण आम्ही त्याच बुरुजावर केलं. बाबांनी उसळ खाल्ली, पण डोळे मिटले नाहीत. जेवून ते आडवे झाले नाहीत. मी म्हटलं, डबा उघडूया की. ते म्हणाले, तो राहू दे. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. दुसऱ्यांदा केलेली दाढी, इस्त्रीचा सदरा, मिठाईचा डबा, सगळं पलीकडच्या काठासाठी होतं. कासारणीच्या पोटात काही राहत नसे, हे आईला कळायला हवं होतं. कासारणीने जाता जाता बाबांनाही सांगितलं होतं आणि मामालाही. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला ठाऊक नाही असं दाखवत होता.

मग बाबाच म्हणाले, चला, खाली धक्क्यावर बसूया. मला वाटलं, सुटलो. धावतच मी पायऱ्या उतरले. धक्क्याजवळ सोड्याचं एक दुकान होतं, त्याच्या बाहेर बाकडं. होडी समोर लागलेली होती, माणसं चढत होती. आणि बाबा त्या बाकड्यावर खाडीकडे तोंड करून बसले. त्यांनी तीन लिंबूसोडे सांगितले. समोर मामा छत्री मिटून दोन पावलं पुढे आला आणि उभा राहिला. मध्ये पाणी किती, तर इकडून हाक मारली तर तिकडे ऐकू जाईल इतकं. त्याच्या सदऱ्यालाही इस्त्री होती.

होडी गेली आणि आली. तारी, म्हणजे होडीवाला, दोन्ही घरं ओळखून होता. त्याने येऊन सांगितलं की पलीकडे मामा विचारतो आहे, ही माणसं येणार का म्हणून. आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी सोड्याचा घोट घेतला आणि म्हणाले, "इचारना म्हणजे बोलावणा न्हय. तेका सांग, आमी गड बघूक इलो." होडी पुन्हा गेली. परत आली तेव्हा मामाचं उत्तर आलं, गड बघून झाला असेल तर होडी रिकामीच आहे. याला बोलावणं म्हणायचं की नाही यावर बाबांनी थोडा विचार केला. तारीसुद्धा आशेने उभा राहिला. पण नारळाचं नाव नाही, या म्हणून शब्द नाही. शेवटी बाबांनी मान हलवली. तारी डोक्याला हात लावून गेला. धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडत होत्या. पहिल्यांदा शेवाळलेली, मग कालवं चिकटलेली, मग चिखलातली. मी मोजत होते. पाचवी पायरी दिसायला लागल्यावर तारी म्हणाला, ही शेवटची खेप, चलता तर चला, पाणी माझ्यासाठी थांबत नाही. बाबा उठले नाहीत. पलीकडे मामाही हलला नाही. होडी रिकामी गेली, रिकामी आली, आणि तारीने ती चिखलात ओढून खुंट्याला बांधली.

तेव्हा माझा तोल गेला. मी बाकड्यासमोर उभी राहून बाबांना म्हटलं, "सगळ्यांका ठावक आसा आमी कशाक इलो ता. मगे कोणच कित्याक साद घालणा नाय? तुमी घाला. नायतर मी घालतंय." सोड्याच्या दुकानातली माणसं बघायला लागली. बाबा रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. मला समजावून सांगावं तसं म्हणाले, "बोलावल्याशिवाय जावय जाणा नाय, बाये. तशी रीत आसा." त्यांच्या आवाजात दुःख होतं. म्हणजे त्यांनाही जायचं होतं आणि जाता येत नव्हतं, आणि त्यांना अडवून धरणारं तिथे दुसरं कुणीही नव्हतं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? आज या वयातही मला ते जमणार नाही.

पुढचे दोन तास आम्ही तसेच बसून राहिलो. परतीची बस साडेसहाला. पलीकडची दोघंही घरी जायला उठेनात. आजीला मामाने मध्येच भांड्यातून पाणी पाजलं. आई नुसती पाण्याकडे बघत होती. मला वाटलं, हिने सोडून दिलं, नेहमीसारखं. खाडी आटत आटत मधल्या एका प्रवाहाएवढी उरली आणि तिच्या दोन्ही अंगांना चिखल आणि रेतीचे पट्टे वर आले. पलीकडून दोनचार बायका टोपल्या घेऊन खुबे काढायला उतरल्या. खुबे म्हणजे रेतीतले शिंपले. आई लग्नाआधी याच खाडीत त्या बायकांसारखी रोज उतरायची, हे मला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं, पण ते आतल्या गावचे. ओहोटीला तारीची होडी अडते तेव्हाच खाडी पायांसाठी उघडते, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नसावं.

साडेचारच्या सुमाराला आई उठली. चपला काढून बाबांच्या चपलांशेजारी नीट ठेवल्या, लुगड्याचा काष्टा वर खोचला. बाबांनी विचारलं, "खंय चललंस?"

"आवशीक बघूक."

"बोलावल्याशिवाय?"

"माका कोण बोलावतला? मी थयलीच, त्या घरची," आई म्हणाली आणि चिखलात उतरली.

मी तिच्यामागून गेले. बाबांनी मला नावाने हाक मारली, मी वळले नाही. आईने एकदाच मागे न बघता सांगितलं, तिच्या पावलावर पाऊल ठेव आणि मध्ये थांबू नको. आधी नडगीपर्यंत चिखल, मग पायाला टोचणारी घट्ट रेती, मग पाणी. मधल्या प्रवाहात ते तिच्या कमरेला आलं, माझ्या छातीला. तिने माझं मनगट असं धरलं होतं की तिच्या नव्या बांगड्यांचे वळ दोन दिवस उठून होते. खुबे काढणाऱ्या बायका कमरेत वाकलेल्या होत्या त्या उभ्या राहून बघत होत्या. त्यातली एक ओळखून म्हणाली, ही तर शेवंता. आईचं माहेरचं नाव मी सहा वर्षांनी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकलं.

मामा पाण्याच्या काठापर्यंत आला आणि तिथे थांबला. आई त्याच्या बाजूने पुढे गेली. आजीने पाण्याचा आवाज ऐकला होता. तिने दोन्ही हात पुढे केले आणि आईचा चेहरा चाचपला, मग कान, कानातल्या कुड्या, खांदे, ओलं लुगडं. मग माझं डोकं. तिच्या हातांना मशेरीचा वास होता. आई तिच्यापुढे चिखलाच्या गुडघ्यांवर बसली आणि रडायला लागली, आवाज न करता. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. एवढं करून आलो, आता कोण काय करणार?

आजीचे हात थांबले. तिने विचारलं, "जावय खंय?"

आई म्हणाली, पलीकडे आहेत.

"तेंका तडीर उबे करून तू एकटीच इलंस?" आजीचा हात आईच्या खांद्यावरून निघाला. "भरती येतली आता. आदी परत जा, बाये."

आई म्हणाली, आये, जरा बसते. पाणी यायला अजून वेळ आहे. पण आजी ऐकेना. जावयाला काठावर टाकून आलेली लेक म्हातारीने दारात बसवून घेतली, असं गावाने म्हणू नये. ती उठायला बघू लागली, आईला हाताने ढकलू लागली. रागाने नव्हे. आईला सासरी कमीपणा येऊ नये म्हणून, तिच्या भल्यासाठी, असंच तिला वाटत होतं. आंधळे डोळे पाण्याकडे लावून ती पुन्हा पुन्हा जा म्हणत होती. मामाने पिशवीत हात घातला. आत नारळ होता. शेंडीवाला, हळदकुंकू लावलेला, सकाळपासून तयार. त्याने तो अर्धा बाहेर काढला, पलीकडे बघितलं आणि परत आत सरकवला. मी त्याला म्हटलं, मामा, दे ना तो, मी नेऊन देते. तो म्हणाला, "तेंचो ते येवन घेवंदेत."

तिथे आम्ही पाच मिनिटंही नव्हतो. आई उठली, आजीच्या पायांना हात लावला आणि आल्या वाटेने पाण्यात शिरली. येताना मला पाण्याची भीती वाटली होती, जाताना वाटली नाही, इतकी मी संतापलेली होते. संताप आता बाबांवर नव्हता. त्या आंधळ्या म्हातारीवर होता, जिने सहा वर्षांनी भेटलेल्या मुलीला परत धाडलं. तेरा वर्षांच्या मुलीने आजीवर इतकं चिडू नये हे मला कळत होतं. तरी मी मागे वळून हात केला नाही.

बाबा धक्का सोडून चिखलाच्या कडेपर्यंत आले होते. त्यांच्या पँटची कड बोटभर भिजली होती. तेवढं ते आले होते. आईला बघून म्हणाले, बस चुकेल. बसमध्ये आई खिडकीशी बसली. चिखल वाळून तिच्या लुगड्यावरून पापुद्रे पडत होते आणि कंडक्टर कुरकुरत होता. मी तिच्याकडे बघत नव्हते. बऱ्याच वेळाने तीच माझ्याकडे वळून म्हणाली, "हात लागलो मा तिचो. पुरो." ती खरंच समाधानाने म्हणाली, आणि मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मिठाईचा डबा घरी आला. पुढे आठवडाभर ती मिठाई आम्हीच खाल्ली, आणि मला ती आवडली हे लिहितानाही आता बरं वाटत नाही.

बाबांची रजा संपायला तीन दिवस असताना सकाळी निरोप आला की आजी गेली. बाबा ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. ते टाकून ते तसेच उठले. दाढी नाही, इस्त्री नाही, देवळाकडे बघितलंसुद्धा नाही. मयताला बोलावणं लागत नाही. तिथे जावई, मेहुणा, थोरला, धाकटा, कुणीही कधीही जाऊ शकतो, तशी रीत आहे. कट्ट्याला बस उभीच मिळाली, धक्क्यावर होडी उभीच मिळाली, खाडी काठोकाठ भरलेली. बाबा सगळ्यांच्या आधी होडीत चढले आणि आईला वर घ्यायला त्यांनी हात पुढे केला. आईने तो हात बघितला, होडीची कड धरली आणि एकटीच चढली. मग तोच हात बाबांनी माझ्यापुढे केला. मी तो धरला. त्या सबंध प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच.